घर बंद, नेट चालू

ती घटना आठवली की आजही आरोपीच्या चेहऱ्याआधी डोळ्यांसमोर येतो तो एका देव्हाऱ्यातला लाल बल्ब. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी कोयते, कुऱ्हाडी, मोटारसायकली आणि एकदा तर गाभण म्हैससुद्धा मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतली. पण ज्या वस्तूमुळे एका निर्दोष मुलीची नोकरी वाचली, ती मी जप्त केली नाही. ती त्या घरात अजूनही जळत असेल.

निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली असताना परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पोलीस निरीक्षक होतो. गावात रेल्वे थांबते, हंगामात जिनिंग चालू असली की विजेच्या तारांवर कापूस लोंबतो, आणि प्रत्येक चौकात कुणाच्या तरी वाढदिवसाचा फलक असतो. याहून जास्त खूण सांगत नाही. नावंही कुणाची घेणार नाही. आरोपीला मुलंबाळं आहेत, आणि त्यांनी काही केलेलं नाही.

एका सोमवारी सकाळी हजेरी संपली आणि एक शाळामास्तर ठाण्यात आले. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत घडी केलेला कागद. आमचे जमादार ठाणे अंमलदाराच्या टेबलावर बसले होते. नोकरीत माझ्याहून दोन वर्षांनी जुना माणूस. तक्रार ऐकण्याआधी तक्रारदाराच्या चपला बघायची त्यांना सवय. चपला झिजलेल्या असल्या तर तक्रार खरी, असा त्यांचा हिशेब.

"जमादार, पोरीची सोयरीक मोडली. चार दिवसांवर साखरपुडा होता."

"मास्तर, सोयरीक मोडायचं कलम न्हाई आमच्याकडं."

"मोडली न्हाई, मोडायला लावली," असं म्हणून मास्तरांनी कागद उघडला.

सोनपेठकडच्या मुलाच्या वडिलांना मोबाईलवर आलेला निरोप होता तो. पाठवणाऱ्याच्या जागी एका बाईचं नाव आणि फोटोत गुलाबाचं फूल. मजकूर दोन ओळींचा. मुलीला फिट येतात, आईवडील लपवतात, मागाहून बोल लावू नका. खाली 'एक हितचिंतक'.

"फिट येतात का?" मी विचारलं.

मास्तरांनी पिशवीची घडी घातली. "तिसरीत असताना एकदा तापात आली होती साहेब. तेवढीच. आता बी.एड. झालंय तिचं."

खोटं पसरवणाऱ्यालाही चिमूटभर खरं लागतं, दुधाला विरजण लागतं तेवढं. हे विरजण ज्याच्याकडे होतं तो मास्तरांना लहानपणापासून ओळखणारा होता, किंवा त्यांच्याच कॉलनीतला. चौकशी केली तर त्या कॉलनीतली ही तिसरी सोयरीक निघाली. आधीच्या दोन घरांनी तक्रारच दिली नव्हती. मुलीच्या बापाला पोलीस ठाण्याची पायरी ही मोडलेल्या सोयरिकीपेक्षा मोठी बदनामी वाटते. मी त्या दोघांना बोलावून घेतलं, त्यांच्याकडचे निरोप बघितले. तिन्ही ठिकाणी तेच गुलाबाचं फूल.

सोयरीक मोडणारी निनावी पत्रं आमच्या भागाला नवी नाहीत. पूर्वी आंतरदेशीय पत्र यायचं, डाव्या हातानं काढलेल्या अक्षरात. त्यावर पोस्टाचा शिक्का असायचा आणि शिक्क्यावरून निम्मा तपास व्हायचा. आता फूल आलं. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या गुन्ह्याचा तपास निरीक्षकानंच करायचा असतो, त्यामुळे हे काम कुणाच्या गळ्यात टाकायची सोय नव्हती. गुन्हा नोंदवला आणि जिल्ह्याच्या सायबर शाखेला पत्र दिलं. त्यांनी ते खातं चालवणाऱ्या कंपनीला दिलं, तिथून इंटरनेट पुरवणाऱ्याला गेलं. कागद असा फिरत फिरत दोन महिन्यांनी परत आला. तिन्ही निरोप एकाच जोडणीवरून गेले होते. जोडणीवर नाव होतं, पत्ता होता. पत्ता मास्तरांच्याच कॉलनीतला.

छापील पत्ता हातात आला की पोलीस अधिकाऱ्याला एक प्रकारचा आळस येतो. मलाही आला.

घर एस.टी.तून निवृत्त झालेल्या एका ड्रायव्हरचं होतं. मूळचे जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यातले. वाडवडिलांचा धंदा मेंढरांचा, भाऊ अजूनही कळप घेऊन हिंडणारे. यांनी पस्तीस वर्षं गाडी चालवली, कॉलनीत दोन खोल्या आणि पुढं ओटा असं घर बांधलं, आणि गल्लीतलं पहिलं इंटरनेट घेतलं. ते मुलीच्या अभ्यासासाठी. मुलगी अठ्ठावीस वर्षांची, कृषी पदवीधर. तीनदा परीक्षा देऊन अखेर कृषी सेवक म्हणून तिची निवड झाली होती. हे मला कसं माहीत, तर तिच्या चारित्र्य पडताळणीचा अर्ज माझ्याच टेबलावर पडून होता. आम्ही 'काही प्रतिकूल नाही' असं लिहून दिलं की ती रुजू होणार होती. त्यासाठी तिच्या हातात तीन आठवडे होते.

बाईमाणसाचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा हा कायदा मी पाळला. महिला शिपाई बरोबर घेतली. कायद्यात न लिहिलेली एक गोष्ट मात्र मी विसरलो. सरकारी गाडी मी तिच्या दारात उभी केली आणि तासभर तिथंच ठेवली.

घर नीटनेटकं. समोरच्या भिंतीवर देव्हारा, आत खंडोबाचा टाक, त्यावर लाल झिरोचा बल्ब. देव्हाऱ्याखाली एक विजेचा बोर्ड, त्यावरच इंटरनेटचा डबा, हिरवे दिवे लुकलुकत होते. हे सगळं मी पाहिलं आणि यातलं काहीही मला दिसलं नाही.

"हे खातं तुझं आहे का?"

"नाही, साहेब."

"तुमच्या घरातून चाललंय."

"घरात आम्ही तिघं. आईला फोन उचलता येतो, करता येत नाही. बाबा भजनं ऐकतात. उरले मी." ती शांतपणे बोलत होती. मग म्हणाली, "निरोप कोणत्या तारखांना गेलेत, साहेब?"

"प्रश्न मी विचारतो," मी म्हणालो.

हे वाक्य मी नोकरीत किती वेळा म्हटलं असेल त्याची गणती नाही. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. तपासातली माहिती संशयिताला द्यायची नाही हा नियम बरोबर आहे. पण त्या दिवशी मी नियम पाळत होतो की रुबाब, हे मला तेव्हाच स्वतःला विचारता आलं असतं. मी तारखा सांगितल्या असत्या तर प्रकरण दहा मिनिटांत उलटलं असतं.

बाहेर आलो तर कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष उभे. यांचं घर ड्रायव्हरच्या घराच्या पाठीला पाठ लावून, मधे एक भिंत. दार मात्र मागच्या गल्लीत. गाडी बघून ते वळसा घालून आले होते. पांढरे शुभ्र कपडे, खिशाला दोन पेनं. एका सहकारी संस्थेतून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून सत्कार घेण्याचं काम पूर्णवेळ करत होते. मला चहाला घेऊन गेले. दिवाणखान्यात भिंतभर फोटो, प्रत्येक फोटोत शाल आणि शालीत तेच.

"साहेब, मी कुणाबद्दल वाईट बोलत नाही," ते म्हणाले. हे वाक्य ऐकलं की मी कान टवकारतो, कारण पुढे वाईटच येणार असतं. "पण पोरगी अठ्ठावीसची झाली. कॉलनीतल्या लहान लहान पोरींची लग्नं ठरायलीत. माणसाचं मन हाय, जळतं. आन् ती मंडळी पडली रानातली."

मला ते पटलं, हे कबूल करतो. हेतू मिळाला, पत्ता मिळाला. ठाण्यात येऊन जमादारांना म्हणालो, "पडताळणीचा अर्ज थांबवून ठेवा."

जमादारांनी अर्ज फायलीत घातला आणि म्हणाले, "सायेब, ती पोरगी ह्यो अर्ज द्यायला आली तवा तिच्या चपला बगितल्या का तुमी?"

"का?"

"पार झिजल्यात. दुसऱ्याची सोयरीक मोडायला बसल्या जागी येतं. येवढं चालावं लागत न्हाई."

मी हसण्यावारी नेलं.

त्या एका तासानं काय केलं ते मला पुढच्या आठवड्यात कळलं. ड्रायव्हरच्या बायकोला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत बायका तिच्यासाठी जागा सोडून उभ्या राहायला लागल्या, आदरानं नव्हे. निनावी निरोपाचं काम आमच्या गाडीनं केलं होतं, आणि तेही नंबरप्लेट लावून.

नवव्या दिवशी मुलगी स्वतः ठाण्यात आली, बरोबर वडील. ड्रायव्हर मामा खुर्चीवर बसेनात. उभ्यानंच म्हणाले, "सायेब, पस्तीस वर्सं गाडी चालिवली. एक कुत्रं मेलं न्हाई माज्या हातून. पोरीला रुजू व्हायला बारा दिस उरले. तुमी कागद कामून धरून ठिवला तेवडं सांगा."

"तपास चालू आहे," मी म्हणालो. सरकारी नोकरीत या दोन शब्दांनी वर्षं निघतात.

मुलीनं पिशवीतून वहीचं एक पान काढून माझ्यापुढं ठेवलं. "तुम्ही तारखा सांगत नाही, तर आम्हीच आणल्यात. गेल्या वर्षभरात आमचं घर ज्या ज्या दिवशी बंद होतं त्या तारखा आहेत. आजोळचं लग्न, आईचं डोळ्याचं ऑपरेशन, गावाकडची चंपाषष्ठी. यात तुमची एखादी असली तर बघा. नसली तर नसली."

मी नोकरीत बरेच हुशार लोक पाहिले. त्यातले निम्मे आरोपी होते. पण समोरचा पत्ते झाकून बसलेला असताना आपले सगळे पत्ते उघडे करून त्यालाच बघायला लावणारं दुसरं कुणी मला आठवत नाही.

कपाटातून फाईल काढली. तिसरा निरोप, मास्तरांच्या मुलीचा, चंपाषष्ठीच्या दुपारी सव्वादोनला गेला होता. माझ्या कागदावर ती नुसती तारीख होती, तिच्या वहीत सण.

"त्या दिवशी तिघंही गावाला होतात?"

"तीन दिस आधीपासून," मामा म्हणाले. "आमच्यात चंपाषष्ठीला घराला कुलूपच असतंय. खंडोबाला सगळं भावबंद जमतंय. म्या तळी उचलाया नसलो तर भाऊ बोलायचा न्हाई वर्सभर."

माणसाचा शब्द नोंदवून घेतो, पण विश्वास टॉवरवर ठेवतो. मोबाईल कंपनीकडून तिघांच्या फोनची माहिती मागवली. तिन्ही फोन त्या तीन दिवसांत जिंतूर तालुक्यातल्या टॉवरखाली. घराला कुलूप आणि घरातून निरोप. आता प्रश्न एवढाच की बंद घरात डबा चालू कसा? आमच्याकडे माणूस गावाला निघाला की मेन स्विच खाली ओढतो आणि मगच कुलूप लावतो. वीजबिलाची धास्ती कुलपापेक्षा जुनी आहे.

मी पुन्हा त्या घरी गेलो. या वेळी साध्या कपड्यांत, पायी, आणि जमादारांना घेऊन. ड्रायव्हरच्या बायकोला विचारलं, "मावशी, गावाला जाताना मेन बंद करता ना?"

"न्हाई ओ. देवाचा दिवा हाय की." तिनं लाल बल्बकडे बोट केलं. "तेलाचा दिवा लावून जाता येत न्हाई, आग लागंल. मनून ह्यो लावलाय. घर बंद असू द्या, देवाला अंधार न्हाई."

बल्ब आणि डबा एकाच बोर्डावर. देवाला उजेड राहावा म्हणून चालू ठेवलेल्या विजेवर तीन दिवस इंटरनेटही राखण करत बसलं होतं. जमादार देव्हाऱ्याकडे बघून म्हणाले, "देवानं साक्ष दिली, सायेब. पर समन्स कुटं बजावायचं?"

मग इंटरनेट जोडून देणाऱ्या केबलवाल्याला बोलावलं. त्यानं स्वतःच्या फोनवर डब्याची यादी उघडली. घरचे फोन तीन, आणि डब्याला आजवर जोडले गेलेले आठ. पाच परके.

"पासवर्ड कुणाला दिला होता?" मी मुलीला विचारलं.

"कुणालाच नाही."

"पासवर्ड काय आहे?"

ती केबलवाल्याकडे बघायला लागली. तो डोकं खाजवत म्हणाला, "त्यांचा मोबाईल नंबर. आमी समद्यांचाच तसा ठिवताव साहेब. गिऱ्हाईक इसरत न्हाई, आन् सारखे फोन येत न्हाईत."

आणि ड्रायव्हर मामांचा मोबाईल नंबर कुणाला माहीत होता? साऱ्या कॉलनीला. दोन वर्षांपूर्वी त्यांनी वास्तुशांतीच्या दीडशे पत्रिका छापल्या होत्या. सोनेरी अक्षरं, वर खंडोबा, मधे प्रमुख उपस्थिती म्हणून अध्यक्षांचं नाव, खाली निमंत्रकाचा मोबाईल नंबर. माणसानं घराच्या किल्लीचा ठसा छापून गावभर वाटावा आणि वर जेवायला बोलवावं, तसं झालं होतं.

पाच परक्या फोनांचे मालक शोधायचे कसे? यादीत फोनचं मॉडेल येतं, माणसाचं नाव येत नाही. दारोदार विचारलं असतं तर सगळ्यांनी नाही म्हटलं असतं आणि दोषी सावध झाला असता. मी मुलीला सांगितलं, "पासवर्ड आजच बदल. नवा कुणाला सांगू नकोस. आणि दोन दिवसांत दारात कोण कोण येतं ते लिहून ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता शेजारची बाई आली, कणीक मळलेल्या हातानं. मुलीनं तिचं बोलणं जसंच्या तसं लिहून ठेवलं होतं. "अगं, तुमच्या नेटला काय झालंय? आमचं कालपासून चालंना." मुलीनं विचारलं, "काकू, तुमचं म्हणजे?" काकू म्हणाल्या, "आमचं म्हंजे तुमचंच की. तेवढं नीट कर बाई, माझी मालिका राह्यलीय." याच काकूंनी आठवड्यापूर्वी हळदीकुंकवाला हिच्या आईला वगळलं होतं. माणसांशी संबंध तोडले होते, नेटशी नव्हते.

दुपारी समोरचा शिंपी आला. त्याला ब्लाउजच्या गळ्याचे नमुने दिसत नव्हते. संध्याकाळी त्याच्या माडीवरचा भाडेकरू. दुसऱ्या दिवशी उजवीकडचे पेन्शनर काका, जे दोन वर्षं सकाळचं वर्तमानपत्र या नेटवर वाचत होते आणि आपल्याला कधी पैसे का द्यावे लागत नाहीत असा प्रश्न त्यांना पडला नव्हता. कुणालाही संकोच नव्हता. विहिरीला पाणी का आलं नाही असं विचारावं तसे विचारत आले.

चार आले. पाचवा आला नाही.

मी आणि जमादार कागद पुढं घेऊन बसलो. डब्याच्या टप्प्यात पाच घरं येत होती. डावं, उजवं, समोरचं खालचं, त्याची माडी आणि पाठीमागचं. जमादारांनी चार घरांवर फुल्या मारल्या. "सायेब, फुकट्याला लाज नसती. ज्याला लाज वाटली त्यो फुकट्या न्हाई, चोर हाय."

मागच्या भिंतीपलीकडचं घर अध्यक्षांचं. गल्लीतला एक दिवा विझला तर नगरपालिकेला तीन अर्ज देणारा हा माणूस. त्याचं नेट दोन दिवस बंद होतं आणि तो गप्प होता.

न येणं हा पुरावा होत नाही, हे मला कळत होतं. दोन पंच घेतले, रीतसर कागद केले आणि त्यांच्या घरी गेलो. ते हसतमुखानं पुढं आले, "या साहेब, लागला का छडा त्या पोरीचा?"

"तुमच्या फोनवर इंटरनेट कुठलं चालतं?"

"माझं स्वतःचं पॅक हाय. दुसऱ्याचं घ्यायची आपल्याला सवय न्हाई."

"फोन दाखवा."

पंचांसमोर फोन उघडला. जुन्या जोडण्यांच्या यादीत पहिलंच नाव 'मल्हार कृपा'. ड्रायव्हरच्या घराचं नाव, केबलवाल्यानं डब्यालाही तेच दिलेलं.

"हे आपोआप जोडलं गेलं असंल," ते म्हणाले.

"नाव आपोआप दिसतं. दहा आकडी पासवर्ड आपोआप टाईप होत नाही."

त्यांनी पंचांकडे बघितलं. पंच त्यांच्याच समितीचे सभासद होते, ते भिंतीवरचे फोटो बघायला लागले. झडतीत कपाटातून एक जाड फाईल निघाली. आत लग्नाच्या, मुंजीच्या, वास्तुशांतीच्या पत्रिका, वर्षवार लावलेल्या. ज्या ज्या पत्रिकेवर यांचं नाव छापलं होतं ती प्रत्येक. ड्रायव्हरची वास्तुशांतीची पत्रिका शेवटून दुसरी. तिच्यावरच्या मोबाईल नंबराखाली निळ्या पेनानं बारीक रेघ मारलेली होती. आम्ही सुरे शोधतो, रक्ताचे डाग शोधतो. इथं सोनेरी शाईखालची निळी रेघ मिळाली. पंचनाम्यात ती रेघ मी दोन ओळी खर्चून लिहिली.

ठाण्यात ते अर्धा तास अध्यक्षांसारखे बोलले. समाज, संस्कार, कर्तव्य. मी अडवलं नाही. भाषण संपेपर्यंत श्रोता उठला नाही की वक्त्याला शेवटी खरं बोलावं लागतं. जमादारांनी त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि सहज विचारलं, "भाऊसाहेब, मास्तरच्या पोरीच्या लग्नात फेटा कुणाला बांधणार होते ओ?"

ते पाणी पिता पिता थांबले.

"या कॉलनीतल्या बावीस सोयरिकी मी जुळवल्या, जमादार," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "बावीस. पाव्हण्यांच्या बैठकीत पहिला पाट माझा. लग्नात पहिला फेटा मला. आता पोरं फोनवर फोटू बगत्यात, फोनवर बोलत्यात, आन् ठरवून मोकळी होत्यात. मास्तरनं पत्रिकासुद्धा मोबाईलवर पाठिवली. मोबाईलवर. दारात येऊन अक्षता दिल्या न्हाईत." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "मी म्हटलं, मला न इचारता जुळतंय, तर बगू टिकतंय का."

"आणि ड्रायव्हरच्या मुलीनं तुमचं काय केलं होतं?"

"काही न्हाई. त्यांचं नेट येत होतं घरात. माझ्या नंबरावरून पाठवलं असतं तर सापडलो असतो." मग म्हणाले, "त्या लोकांना काय फरक पडणार होता साहेब?"

इतका वेळ मला त्यांची थोडी कीव येत होती. या वाक्यानंतर ती गेली. शेजाऱ्याची भिंत, शेजाऱ्याची वीज, शेजाऱ्याचं नेट आणि शेवटी शेजाऱ्याचीच मुलगी त्यांनी वापरायला घेतली होती, आणि हिशेबात ती कुठंच धरली नव्हती.

पोलिसांपुढचा कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही, त्यामुळे फोन न्यायवैज्ञानिक प्रयोगशाळेला पाठवला. पुसून टाकलेलं गुलाबाचं फूल तिथं पुन्हा उमललं. दोषारोपपत्र गेलं, पुढचा भाग न्यायालयाचा, त्यावर मी बोलत नाही. बाकीच्या चौघा फुकट्यांनाही जबाब द्यायला ठाण्यात यावं लागलं, कारण त्यांचे फोन त्याच यादीत होते आणि प्रत्येकाला आपण तो पाचवा नाही हे सांगावं लागलं. पेन्शनर काका दोन तास बाकावर बसले. सही करताना म्हणाले, "साहेब, वर्तमानपत्र विकतच घेतो आता. पाच रुपयांत भागतं." सोनपेठचे पाहुणे मास्तरांकडे परत आले होते. मुलीनंच नाही म्हटलं. ज्यांनी आम्हाला विचारायच्या आधी फुलाचं ऐकलं, ते पुढंही ऐकतील, असं तिचं म्हणणं. मास्तरांना ते अवघड गेलं, मला योग्य वाटलं.

या प्रकरणानं मला इंटरनेटबद्दल शिकवलं ते थोडं आहे. शेजाऱ्याला न विचारता त्याचं नेट वापरणारा माणूस फार तर दोन पैशांची चोरी करतो असं आपण समजतो. प्रत्यक्षात तो जे जे करील त्यावर सही शेजाऱ्याची पडते, आणि आमच्यासारखे लोक सही बघून दारात उभे राहतात. आपला मोबाईल नंबर हा पासवर्ड नसतो, ती दारावरची पाटी असते. यापलीकडचं जे शिकलो ते माझ्याबद्दल होतं. पत्ता म्हणजे माणूस नव्हे. संशयितानं विचारलेला प्रश्न कधी कधी आपल्या सगळ्या प्रश्नांपेक्षा चांगला असतो. आणि सरकारी गाडी उभी करणं हीसुद्धा एक कारवाई आहे. तिचा पंचनामा होत नाही, म्हणून ती जास्त जपून करावी.

पडताळणीचा अहवाल मी कारकुनाला न देता स्वतः लिहिला आणि रुजू होण्याच्या मुदतीला पाच दिवस असताना पाठवला. पण कागदानं गिरणीतली रांग बदलत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी, बायका दळण घेऊन बाहेर पडतात त्या वेळी, पूर्ण गणवेशात आणि सरकारी गाडीतून मी त्या कॉलनीत गेलो. गाडी पूर्वीच्याच जागी उभी केली. ड्रायव्हर मामांना म्हणालो, "आत नको. ओट्यावर बसू."

मावशींनी चहा आणला. दार उघडं होतं, आत देव्हाऱ्यात लाल बल्ब चालू होता, आणि इंटरनेटचा डबा आता पलीकडच्या भिंतीवर वेगळ्या बटणाला गेला होता. मुलगी नेमणुकीची कागदपत्रं एका फायलीत लावत बसली होती. मी मामांना एस.टी.चे घाट, ब्रेक, जुन्या गाड्या असलं काहीबाही विचारत राहिलो.

शेजारच्या काकू डोक्यावर दळणाचा डबा घेऊन दोनदा गेल्या आल्या. तिसऱ्यांदा राहवलं नाही. "सायेब, आता काय झालं?"

"काही नाही, काकू. चहाला आलोय," मी मोठ्यानं म्हणालो. "ही पोरगी सोमवारी कृषी खात्यात रुजू होतेय. तुम्हाला बोलावणं नव्हतं का?"

काकूंनी डबा खाली ठेवला, पदर सावरला आणि ओट्याची पायरी चढून आत गेल्या.

मी घड्याळ बघून तासभर बसलो. पहिल्या वेळी जेवढा बसलो होतो तेवढाच. ठाण्यात आल्यावर स्टेशन डायरीत त्या तासाची नोंद करायची होती, तर जमादार पेन घेऊन थांबले. "काय लिहू सायेब? चहा पिले?"

"प्रतिबंधक कारवाई लिहा," मी म्हणालो. जमादारांनी तसं लिहिलं आणि खाली मी सही केली.